उत्तराआधीचा श्वास

परदेशी बाई परदेशात कधीच गेल्या नव्हत्या. विद्यापीठात त्या एका दूरच्या देशाची भाषा शिकवायच्या, आणि भाषेबरोबर तिथली रीतभातही. त्या देशात म्हणे विचारल्या विचारल्या उत्तर देणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आधी सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा, मग तोंड उघडायचं. बाईंच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की नवऱ्यानं "अगं, किल्ली कुठंय?" विचारावं आणि उत्तर येईपर्यंत कुलूपवाल्याला बोलावून आणावं.

वर्गात मुलं जेमतेम मूठभर. विभागप्रमुखांनी स्वच्छच सांगितलं, "बाई, तिकडचे प्राध्यापक वर्ग बघायला येतायत. त्यांना पटलं तर ठीक. नाहीतर या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसेल." मशीन आलंही होतं, खोक्यासकट दाराबाहेर ताटकळत होतं.

पाहुणे आले, तेही तयारीनिशी. त्यांना त्यांच्याकडे शिकवलं होतं, की इथली माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसून बोलतात. गप्प बसलात तर रुसलात असं समजतात.

"तुझं नाव काय?" त्यांनी इथल्या भाषेत पहिल्या मुलीला विचारलं.

मुलीनं आदरानं श्वास घेतला.

"आठवत नाही? असू दे, असू दे! आणि तू? तुलाही नाही? छान! ऊन फार आहे, नाही? हो, आहेच!"

स्वतःच विचारत, स्वतःच सांगत पाहुणे घामाघूम होऊन वर्गभर फिरले. मुलं श्वास घेत राहिली. मागच्या बाकावरून विभागप्रमुख डोळ्यांनीच मशीनसाठी कोपरा मापत होते.

बाईंना सगळं कळत होतं. पण मध्ये बोलायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या शिकवणीवर स्वतःच बोळा फिरवायचा. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि पाहुण्यांच्या ऐन वाक्यात, त्यांच्याच भाषेत घुसल्या, "अहो, थांबा की जरा!"

पाहुणे थांबले. खुर्चीत टेकले. लांबलचक श्वास सोडून स्वतःच्या भाषेत म्हणाले, "विमानातून उतरल्यापासूनचा हा पहिला." पुढे बराच वेळ कुणी काहीच बोललं नाही. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर माहेरी आल्याचं सुख होतं. विभागप्रमुखांना वाटलं, झोपले.

जाताना पाहुण्यांनी वर्ग चालू ठेवा म्हणून बजावलं. वर, लोकांचं बोलणं तोडायचं कसं हे शिकवायला बाईंना आपल्या देशी बोलावलं.

बाई धावतपळत घरी आल्या.

"काय गं, राहिला का वर्ग?" नवऱ्यानं विचारलं.

बाईंनी श्वास घेतला.

"जाऊ दे, गेला तर गेला," नवरा त्यांच्या हातात पाण्याचा पेला देत म्हणाला. "आपणच झेरॉक्सचं दुकान टाकू."