पहिली गोळी

कोबीच्या शेताच्या फाटकापाशी म्हातारा माझी वाट बघत उभा होता. पायाशी बादली होती आणि बादलीत ससा. कानाच्या मुळाशी डोकं फाटलेलं.

"कुत्र्याने आणला," तो म्हणाला. "कालचा दिसतोय. म्हणजे तुझाच."

माझाच होता. आदल्या संध्याकाळी माझी गोळी लागून तो काटेरी कुंपणात शिरला आणि कितीही शोधला तरी सापडला नाही. रात्रभर तो तिथेच असणार.

"हे बघ पोरी, ससे कोबी खातात म्हणून तुला मीच बोलावलं. पण मारायला बोलावलं, छळायला नाही. असा अजून एक सापडला तर परवानगी परत घेईन. राग नाही हां माझा."

त्याचा राग नव्हता, हे जास्त लागलं. इथे आयर्लंडमध्ये शेतमालकाच्या परवानगीवर रायफलचं लायसन्स उभं असतं आणि माझ्या ओळखीचा शेतमालक हा एवढाच. त्याची परवानगी गेली की रायफलही गेली.

रायफल एवढी कशाला हवी, असं नवऱ्याने शंभरदा विचारलं असेल. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांनी पुढच्या खोलीत माझ्या डिग्रीशेजारी एनसीसीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. पाहुण्यांना ते डिग्री भरभर दाखवतात आणि सर्टिफिकेटपाशी थांबतात. "नेमबाजीत पहिली," म्हणतात. इंजिनियर पोरी गावात आता पुष्कळ आहेत, नेमबाज एकच. त्याचा अभिमान मला आहे, लपवत नाही. आणि त्या वर्षात दुसरं होतं तरी काय? दोन हजार वीस सरून एकवीस लागलं होतं. शॅननच्या कारखान्यात मी मोजमापाच्या खोलीत काम करते. निम्मी माणसं विलगीकरणात, त्यांच्या पाळ्या आमच्या गळ्यात. नवरा लिमरिकला हॉस्पिटलात डॉक्टर. तो घरी यायचा तो नाकावर मास्कचा वळ घेऊनच. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम हिवाळाभर होता आणि ते शेत पाचच्या आत होतं. तिथे गवतात पालथं पडल्यावर माझ्याकडून कोणी काही मागत नसे, एवढंच.

तर नेम का चुकत होता?

मी शिकल्याप्रमाणे शोधायला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले. घट्ट होते. तरी काढून पुन्हा बसवले. मग लाकडी दस्त्याला नळी जोडणारे स्क्रू. तेही ठीक. सायलेन्सर काढून मारून पाहिलं, लावून पाहिलं. गोळ्यांचा ब्रँड बदलला. वारा नसलेला दिवस निवडला, आणि आयर्लंडमध्ये तो निवडायचा म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. शेताच्या कडेला मातीच्या बांधाला पुठ्ठा टेकवून गोळ्या झाडल्या, तर एकमेकांना चिकटून भोकं. पुठ्ठ्यावर रायफल निर्दोष आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सशावर झाडली, तर त्याच्या कानावरून गेली. ससा निघून गेला, अख्खा. त्या संध्याकाळी देवाचे आभार मानले ते चुकल्याबद्दल.

म्हातारा कुंपणाच्या पलीकडून बघत होता. "पुठ्ठा बरा मारतेस," तो म्हणाला. "पण पुठ्ठे माझा कोबी खात नाहीत."

जाताना त्याने नेहमीसारखा एक कोबी हातात दिला. नवऱ्याने दार उघडलं आणि आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

"आज पण कोबीच?"

"हो."

"अगं, लोक शिकारीला जातात तर शिकार आणतात. तू भाजी आणतेस."

"तू रोज हॉस्पिटलात जातोस, काय आणतोस?"

"झोप आणली असती," तो म्हणाला, "पण मिळत नाही तिथे." आणि सोफ्यावरच आडवा झाला.

मी रायफल पुसायला बसले. हे मी कधीच चुकवलं नव्हतं. एनसीसीत आमचे उस्ताद फायरिंगनंतर प्रत्येकीची नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचे. "शीशे जैसी चमकनी चाहिए," म्हणायचे. नाही चमकली तर मैदानाला फेरी. तेव्हापासून बंदूक म्हटलं की माझा हात आपोआप चिंधीकडे जातो. नळीतून दोरी ओढायची, सफाईचं औषध लावायचं, चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढत राहायचं, वर तेलाचा हात. कितीही दमलेली असले तरी.

मग एकदा तेही झालं नाही. दिवसपाळी संपवून मी तशीच शेतात गेले. सशांवर झाडायची हिंमत नव्हती, पुठ्ठ्यावरच झाडत राहिले. घरी येऊन रायफल कपाटात कुलूपबंद केली आणि बुटांसकट पलंगावर पडले. पुसायचं राहिलं. सकाळी आठवलं तेव्हा आंघोळ न करता देवघरात शिरल्यासारखं वाटलं, पण कामावर पळायचं होतं.

संध्याकाळी ती तशीच घाण नळी घेऊन बांधापाशी गेले. पहिली गोळी झाडली. मधोमध. दुसरी तिला चिकटून. तिसरीही.

मी उठून पुठ्ठ्यापाशी गेले आणि उभी राहिले. तीच रायफल, तोच हात, त्याच गोळ्या. बदललं होतं एवढंच, की आदल्या रात्री थकून मी नळी पुसली नव्हती.

जुने पुठ्ठे गाडीत पडले होते. ते काढून बघितले. प्रत्येकावर घोळक्याच्या बाहेर, जरा वर, एकेक भोक होतं आणि त्यावर माझ्याच पेनची फुली. ती पहिली गोळी. आमच्या मोजमापाच्या खोलीत पहिलं माप धरत नाहीत. यंत्र स्थिरावायचं असतं, म्हणून ते सोडून द्यायचं, पुढची घ्यायची. मी पहिली गोळी सोडून देत होते आणि उरलेल्यांवरून दुर्बीण जुळवत होते. पण ससा काही दुसऱ्या गोळीची वाट बघत बसत नाही. त्याच्या वाट्याला दर वेळी माझी पहिलीच यायची, आणि ती धुऊन पुसून तेल लावलेल्या नळीतून निघायची.

तरी एका दिवसावर विश्वास ठेवायचा नाही, हेही मी शिकलेय. घरी जाऊन नळी पुन्हा आरशासारखी केली. पुढच्या संध्याकाळी पहिली गोळी वर गेली, दुसरी थोडी खाली, आणि मग सगळ्या जागेवर. नळीला आतून गोळीच्या मेणाचा आणि शिशाचा थर बसतो, आणि तो बसला की मगच नेम स्थिरावतो. तो मी रोज मन लावून खरवडून काढत होते.

म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने टोपी मागे सरकवली.

"म्हणजे तू फार स्वच्छ आहेस, हा प्रॉब्लेम?"

"तसंच काहीसं."

"माझ्या बायकोचाही हाच होता," तो म्हणाला. "पण तसा अजून एक सापडला तर परवानगी गेली, हां. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. मे महिना आला होता, नऊ वाजताही उजेड असायचा. त्या दिवशी आधी पुठ्ठ्यावर पहिली गोळी झाडून पाहिली, जागेवर लागली. मग कोबीच्या कडेला जाऊन पडले. बराच वेळ काही नाही. कोपरं ओली झाली. मग एक ससा बाहेर आला, बसला, कान हलवले. तेव्हा मला खरंतर मारावंसंही वाटत नव्हतं. झोप येत होती. पण म्हातारा फाटकाशी उभा होता आणि कोबी त्याचा होता.

ससा जागीच पडला. पाय झाडले नाहीत.

म्हातारा चालत आला. वाकला, सशाच्या कानामागे बोट लावून बघितलं, पापणी उघडून बघितली. एवढी परीक्षा डिग्रीच्या तोंडीलाही झाली नव्हती.

"ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "उद्या वरच्या शेतात ये. तिथे जास्त आहेत."

घरी नवऱ्याने दार उघडलं, पिशवीतल्या सशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरी आहेस ना?"

"दमलेय."

त्याने पिशवी घेतली. मी रायफल बाहेरून कोरडी केली, वरवर. चिंधी डब्यात होती, हात तिकडे गेलाच. झाकण उघडलं, परत लावलं. नळीला डोळा लावून बघितलं. आत अंधारलेलं, काळपट. उस्तादांनी फेरी मारायला लावली असती.

तशीच कपाटात ठेवून कुलूप लावलं.