मागच्या सीटखालचा आवाज

शशी गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. मी घाटकोपरला बहिणीकडे गेलो होतो, सकाळचा चहा अजून व्हायचा होता. पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना, तिच्याखाली ‘बी विंगमधील सभासदांच्या घरी दुःखद निधन’ आणि त्याखाली कुणीतरी विचारलेलं, म्हणजे टाकी आज धुणार की उद्या? त्या प्रश्नाला लगेच उत्तरही मिळालं होतं. नाव नव्हतं, नुसता शशीच्या फ्लॅटचा नंबर होता. तो वाचून मला वाटलं, त्याची बायको, नलूवहिनी गेल्या. खोटं कशाला लिहू... तसं वाटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. शशीसाठी बरं झालं, असंही मनात येऊन गेलं. मग हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत कुणीतरी ‘शशिकांतजींच्या आत्म्यास शांती’ असं लिहिलेलं दिसलं, आणि बहीण चहा घेऊन आली तेव्हा मी फोन पालथा ठेवून बसलो होतो.

सकाळी दूध तापवताना तो ओट्याशी कोसळला होता. दूध उतू जाऊन गॅस विझला, वास जिन्यात आला, म्हणून शेजाऱ्यांनी बेल वाजवली. दार वहिनींनी उघडलं आणि म्हणाल्या, ते कामात आहेत.

शशी विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. यंत्रांचे सुटे भाग समोरून, बाजूने आणि वरून कसे दिसतात ते कागदावर काढण्यात त्याची सगळी नोकरी गेली. ती सवय घरीही आली होती. कोणतीही वस्तू चित्र काढल्याशिवाय उघडायची नाही, हा त्याचा नियम. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या, त्यांची जीभ तेव्हा धारदार होती. म्हणायच्या, “आमच्याकडे मिक्सर बिघडला की आधी त्याचं चित्र काढतात आणि चटणी मला पाट्यावर वाटायला सांगतात.” मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. मला गाडी चालवता येत नाही आणि यंत्रांविषयीचं माझं सगळं ज्ञान वाचून मिळवलेलं, म्हणजे निरुपयोगी आहे. तरी मुलुंडला एकाच आवारात राहायला आल्यापासून आम्ही रोज भेटत होतो. त्याला माझी पुस्तकं झेपत नव्हती, मला त्याची चित्रं कळत नव्हती. मैत्रीला एवढं पुरतं.

त्यांची पांढरी छोटी गाडी अनघा, त्यांची मुलगी, दहावीला असताना घेतलेली. पहिल्या दिवशी वहिनींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. शशी पुटपुटला, की सरबत झालं असतं. पुढे अनघा नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तो निवृत्त झाला, आणि गाडी आवारातल्या बदामाच्या झाडाखाली पानं झेलत उभी राहू लागली. मग वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शिकवलेल्या मुलांची नावं, मग अनघाचं. शशीचं नाव मात्र त्या विसरल्या की नाही, हे कधीच कळलं नाही, कारण ते त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. ‘अहो’ तेवढं राहिलं. शशी म्हणायचा, “नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मूर्खपणाची, असं मी जन्मभर म्हटलं. आता तिच्यावरच निभावतंय.”

संध्याकाळ झाली की त्या सैरभैर व्हायच्या. घरात फेऱ्या मारायच्या, दाराची कडी ओढायच्या, मला घरी सोडा म्हणायच्या, आणि आपण घरीच आहोत असं सांगितलं तर रडायच्या. यावर औषध शशीला अपघातानेच सापडलं. एकदा डॉक्टरकडे जायला म्हणून त्याने त्यांना गाडीत बसवलं, किल्ली एक टप्पा फिरवली, आणि मागच्या सीटखालून ‘घूं’ असा बारीक आवाज आला. इंजिन सुरू व्हायच्या आधी टाकीतला पंप पेट्रोल वर ओढतो, त्याचा तो आवाज. क्षणभर येतो आणि थांबतो. इतकी वर्षं तो कुणी ऐकलाही नसेल. वहिनींनी ऐकला. हात मांडीवर ठेवले, समोर बघितलं आणि म्हणाल्या, “निघा.”

तेव्हापासून रोज पाच वाजता त्या साडी बदलून, पर्स घेऊन खाली यायच्या. मिठागरांच्या बाजूने जायचं, हायवेच्या अलीकडे वळायचं, नवघर रोडने परत यायचं. तेवढ्यात जीव शांत व्हायचा, रात्री झोप लागायची. त्यांना आणि त्यालाही. कधी कधी निघायच्या आधीच वहिनी म्हणायच्या, “परत.” मग शशी किल्ली मागे घ्यायचा, पुन्हा एक टप्पा फिरवायचा. घूं. परत. घूं. मी बाजूला उभा राहून हे बघायचो. एकदा गाडी सर्व्हिसिंगला गेली होती तेव्हा वहिनी खाली आल्या, झाडाखालची रिकामी जागा बघितली आणि चालू लागल्या. त्या स्टेशनजवळच्या भाजीबाजारात सापडल्या. त्यानंतर शशीने ठरवून टाकलं, की पाच वाजता गाडी जागेवर नाही असं होता कामा नये.

आणि मग पंपाने मान टाकली. किल्ली फिरवली, आवाज नाही. नाक्यावरचा मेकॅनिक आला, त्याने मागच्या सीटवर दोन सणसणीत गुद्दे घातले आणि गाडी सुरू झाली. चार-पाच दिवस ती तशी गुद्दे खाऊन चालली. शशीला ते मुळीच पटत नव्हतं. “मारून चालतंय म्हणजे बरं झालेलं नाही रे,” तो म्हणाला. मग गुद्द्यांनीही चालेना. मेकॅनिकने गाडी गॅरेजला न्यायची म्हटलं, टाकीचं काम आहे, पोरांना सवड नाही, आठवडाभर तरी लागेल. इकडे वहिनी रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर बसून त्या आवाजाची वाट बघत. शशी तोंडाने ‘घूं’ करून बघायचा. गणिताच्या बाईंनी चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं त्या त्याच्याकडे बघायच्या. रात्र रात्र दोघंही जागी. शेवटी त्याने नवा पंप मागवला आणि झाडाखालीच बदलायचं ठरवलं.

आवारात पेट्रोलचं काम म्हटल्यावर सेक्रेटरीसाहेबांना आपल्या पदाची आठवण झाली. त्यांनी नोटीस लावली, वाळूची बादली आणवली आणि आग विझवायचं लाल नळकांडं हातात धरून वॉचमनकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. तो ग्रुपवर आला, ‘सुरक्षिततेबाबत तडजोड नाही’ या ओळीसह. नळकांड्याची पिन काढायची असते हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. फोटो झाल्यावर ते वर गेले.

शशीने बॅटरीची वायर सोडवली, चारी दारं उघडली, माझा फोन लांब पायरीवर ठेवायला लावला. मागची सीट उचलली तर खाली अनघाची शाळेची रिबन, शेंगांची टरफलं आणि वीस वर्षांची धूळ. ती सगळी त्याने ब्रशने झाडली. टाकीत कचरा पडता कामा नये. मग पत्र्याचं झाकण काढलं, पंपाचा गोल माथा दिसला, पेट्रोल नेणारी आणि उरलेलं परत आणणारी अशा दोन नळ्या, एक वायरींचा जोड. आणि आता उघडणार, तर हा पॅड आणि पेन्सिल घेऊन चित्र काढायला बसला. समोरून, बाजूने, वरून. मी वहिनींना घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो, त्या पर्स धरून तयार. “अहो, निघायचं ना?” “दोन मिनिटं.” पुन्हा थोड्या वेळाने, “अहो...” “दोन मिनिटं, नलू.” मी म्हटलं, अरे, फोटो काढ ना. तो म्हणाला, “फोटोत नुसतं दिसतं. काढलं की कळतं.”

जुना पंप बाहेर आला तेव्हा त्याने तो नाकाशी धरला. करपला होता. हा पंप पेट्रोलात बुडलेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. शशीची टाकी कायम तळाला टेकलेली असायची, कारण पेट्रोल भरायला गेलं की खिडकीत वाकणाऱ्या युनिफॉर्ममधल्या माणसाला वहिनी घाबरायच्या, ओरडायच्या, म्हणून तो घाईघाईत थोडंसं भरून निघायचा. आणि त्या कोरड्या टाकीत रोजचं ‘परत’, ‘परत’.

“मीच जाळला रे,” तो म्हणाला. “तिला ऐकवून ऐकवून.”

नवा बसवला, सीट लावली, वहिनींना पुढे बसवलं. किल्ली एक टप्पा. घूं. आवाज थोडा वेगळा होता, जरा कोवळा, पण वहिनी लगेच म्हणाल्या, “निघा.” इंजिन नुसतं फिरत राहिलं. पेटेना. पुन्हा, पुन्हा. शशीने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं, महिन्यांत बघितलं नव्हतं तसं, आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, “चेहरा कशाला पाडताय? उद्या जाऊ.” मी तिथे उभा होतो म्हणून हे लिहू शकतो. क्षणभर त्या होत्या. मग पुन्हा नव्हत्या, दाराची कडी शोधू लागल्या.

चूक चित्रात होती. आयुष्यभर ज्याने उलटसुलट बाजूंचा हिशेब ठेवला, त्याने मागच्या एका दारातून बघून वरचं दृश्य काढलं आणि नळ्या लावताना दुसऱ्या दारातून वाकला. डावी उजवी झाली, पेट्रोल परत यायच्या नळीतून जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र हातात उलटं धरल्यावर त्याच्या लक्षात आलं. कारखान्यात अशी चूक झाली असती तर मी राजीनामा दिला असता, असं तो म्हणाला. नळ्या बदलल्या आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्या संध्याकाळी दोघं मिठागरांकडे जाऊन आले. येताना शशीने वहिनींचा हात धरून ठेवून टाकी काठोकाठ भरून आणली. त्यांचं ओरडणं ऐकायला आजूबाजूला गर्दी जमली होती म्हणे.

परत आल्यावर, वहिनी अजून गाडीत बसलेल्या असताना, आम्ही पायरीवर टेकलो. मी विचारलं, आता किती वर्षं चालेल?

“हिच्यापुरता टिकला की झालं,” तो म्हणाला. “हिने आधी जायला पाहिजे रे. मला दुसरं काही नको. मी आधी गेलो तर ही पाच वाजता खाली येणार, आणि...”

धीराची वाक्यं मी पुष्कळ वाचली आहेत, त्यातलं एकही तिथे उपयोगी पडलं नसतं. त्यानंतर महिनाही झाला नाही.

अनघा दुपारच्या विमानाने आली. न्यायला पाच वाजले. शववाहिका बदामाच्या झाडाखाली, पांढऱ्या गाडीच्या पुढ्यातच आडवी लावली होती. वहिनी साडी बदलून, पर्स घेऊन खाली आल्या. लोक बाजूला झाले. त्यांनी वाहिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “भावजी, ही गाडी कुणाची आहे? जरा काढायला सांगा. आम्हाला निघायचंय.” मी ड्रायव्हरला सांगितलं. ती निघाली, शशीला घेऊन. वहिनी समाधानाने पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. फ्लेक्सवर शशीचा फोटो होता, त्याच्यापेक्षा थोडा मोठा एका होतकरू नगरसेवकाचा. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, की ज्या शशिकांतजींनी गाडीचा पंप बदलला, त्यांना स्वतःच्या हृदयाचा पंप बदलता आला नाही. लोकांनी चुकचुक केली. मागे कुणीतरी ‘वा’ म्हणालं. शशी असता तर त्याने विचारलं असतं, की चित्र काढलं होतं का?

अनघा आता इथेच आहे, घरून काम करते. तिने आईला एकदा त्याच रस्त्याने फिरवून आणलं. वहिनी सारखं मागे वळून विचारत होत्या, ते कुठे राहिले, त्यांना का सोडून आलात. परत येईपर्यंत दोघीही रडून सुजल्या होत्या. पुन्हा ते केलं नाही. त्याच रात्री अनघाने मला किल्ली दिली. “काका, निदान आवाज तरी...” ती म्हणाली.

म्हणून रोज पाच वाजता मी, ज्याला गाडी चालवता येत नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. किल्ली एक टप्पा फिरवतो. मागच्या सीटखालून घूं असा आवाज येतो आणि थांबतो. समोरचा काटा हळूहळू वर चढतो आणि अगदी टोकाला जाऊन टेकतो. टाकी भरलेली आहे, नवा पंप बसल्यापासून शशीने ती कधी उतरू दिली नव्हती. कुठेच जायचं नसेल तर ती पुष्कळ पुरेल, आणि पंपही जळणार नाही, याची व्यवस्था शशी करून गेला. वहिनी मांडीवर हात ठेवतात, समोर बघतात. मग माझ्याकडे वळतात. ‘निघा’ म्हणत नाहीत.

“थांबा भावजी,” त्या म्हणतात. “ते येऊ देत.”

मग आम्ही थांबतो.