अण्णांच्या गाडीवरची सोलर प्लेट

गाडीवर कोणती सोलर प्लेट बसवावी, असं मला आजही लोक विचारतात. लातुरात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला इन्व्हर्टरपासून उपग्रहापर्यंत सगळं कळतं, असा एक समज आहे. मी सरळ हात जोडतो. बाबांनो, मला नका विचारू. मी आयुष्यात एकच प्लेट निवडली आणि तिच्यापायी माझ्या वडिलांचे सहा दिवस गेले. सहा दिवस ऐकायला थोडे वाटतात, मलाही तेव्हा थोडेच वाटले होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरात भाड्याच्या घरात राहायचो. पहाटे सगळे रस्त्यावर पळालो. आमच्या भिंतीला एक भेग पडली, बाकी काही झालं नाही. पण अण्णा त्याच सकाळी इतर मास्तरांबरोबर ट्रकमध्ये चढून किल्लारीकडं गेले, दगडमाती उपसायला. चार दिवसांनी आले. काय बघितलं ते कधीच बोलले नाहीत. फक्त आल्या दिवशी खाट उचलून अंगणात टाकली. "दिवसा कुठंबी बसतो. झोपताना डोक्यावर वजन नको," एवढंच म्हणाले. तेव्हा सगळं लातूरच बाहेर झोपत होतं, त्यामुळं आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढं लोक एकेक करून आत गेले. अण्णा मात्र गेले नाहीत.

मग गावात क्लासेसचं पेव फुटलं. नोकरी नाही म्हणून मी एका क्लासमध्ये शिकवायला लागलो, आणि बघता बघता मी 'सर' झालो. नांदेडपासून जळकोटपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडायला लागली. मी तीन मजली घर बांधलं. खाली आम्ही, वरच्या दोन मजल्यांवर शिकायला आलेली पोरं. अण्णांची खाट पोरांच्या सायकलींच्या रांगेला लागून. वास्तुशांतीच्या दिवशी सुद्धा ते बाहेरच झोपले. पाहुणे विचारायचे, "मास्तरांना आत जागा नाही का हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि अण्णा खाटेवरून मजेत हसत बसायचे.

पुढं त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, उघड्यावर झोपायचं नाही, दव-धूळ अजिबात चालणार नाही. अण्णा म्हणाले, "आत मी येत न्हाई, बाहेर हा झोपू देत न्हाई. आता काय मधीच लटकू?" तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्या क्लासची पोरांना ने-आण करणारी एक जुनी मॅटाडोर पडून होती. तिची बाकं काढली, आत पलंग टाकला, खिडक्यांना जाळ्या लावल्या. पलंगाखाली मोठी बॅटरी, तिच्यावर एक पंखा आणि एक बल्ब. चार्जर घरातल्या वायरीला जोडला. अण्णांनी वरच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं आणि खूश झाले. "हा पडला तर टेंगूळ येईल. मरायचं काम न्हाई." त्या दिवसापासून ती अण्णांची गाडी.

पण त्यांच्या डोक्यात गाडी म्हणजे खोली नव्हती. गाडी म्हणजे देगलूर. देगलूरला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. आईविना वाढलेल्या अण्णांना तिनंच कडेवर वागवलेलं. पूर्वी दर भाऊबीजेला ते जायचे आणि आठ दिवस तिच्या अंगणात झोपायचे. दम्यानं ते बंद पडलं होतं. आत्याचं कंबरडं गेलेलं, तिला एसटीत बसवत नव्हतं. ह्यांना छताखाली झोपवत नव्हतं. चार वर्षं बहीण-भावाची भेट नव्हती. गाडी आली तसं अण्णांनी टुमणं लावलं, "मला आक्काकडं आठ दिवस घेऊन चल. मी गाडीतच झोपतो. कुणाला तरास न्हाई."

अडचण होती बॅटरीची. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या डब्यात पंख्याशिवाय धडधाकट माणूस टिकत नाही, तिथं अण्णांचा काय पाड. आणि देगलूरला उन्हाळ्यात वीज कधी जाईल, कधी येईल, देवालाच ठाऊक. म्हणून ठरलं, सोलर प्लेट घ्यायची.

आता माझी खोड सांगतो. आम्ही क्लासवाले पोरांना उत्तर शोधायला शिकवत नाही, चुकीचे पर्याय उडवायला शिकवतो. चारातले दोन तर बघताक्षणी उडवा, उरलेल्या दोनांत डोकं लावा. वीस वर्षं हेच शिकवून माझ्या हाडीमाशी मुरलेलं. भाजी घेतानाही मी तेच करतो, बायको वैतागते. मी कागदावर चार रकाने आखले. एक, टपावर कायमची ठोकायची मोठी काचेची प्लेट. दोन, पत्र्यावर चिकटवायची पातळ शीट. तीन, बॅगेसारखी घडी होणारी, पाय असलेली, लांब वायरीची छोटी प्लेट. चार, अगदी लहान, मोबाइलपुरती. चौथी उडाली. शीट तापून खराब होते असं वाचलं, तीही उडाली. राहिली टपावरची आणि घडीची.

अण्णांनी कागद बघितला आणि घडीच्या प्लेटवर बोट ठेवलं. "ही घे. गाडी सावलीत राहील, ही नेऊन उन्हात ठेवता येईल."

"अण्णा, हिची ताकद बघा आणि तिची बघा. जवळजवळ निम्मी आहे."

"आरं पण पापड वाळू घालायचं तर आपण घर उचलून उन्हात नेतो का?"

मी हसलो. चक्क हसलो त्यांना. वर म्हणालो, "आणि रोज ती उचलून मांडणार कोण? तुम्ही? का मी क्लास सोडून येऊ?" अण्णा म्हणाले, "बरं बाबा, तू शिकलेला." त्यात टोमणा नव्हता, ते खरंच तसं मानायचे. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

प्लेट घ्यायला मी नांदेडला गेलो. दुकानदार म्हातारा, दखनी वळणाचं बोलणारा. प्लेट दाखवायच्या आधीच म्हणाला, "सर, पैले ये बोलो, गाडी उभी कुठं करणार?" मला राग आला. मी आकडे घेऊन गेलेला माणूस, आणि हा मला गाडी कुठं लावणार ते विचारून राहिला! मी म्हटलं, "तुम्ही मोठी द्या, टपावरची." त्यानं मुंडी हलवली आणि दिली. आठवडाभरात ती टपावर बसली, आमच्या उघड्या गल्लीत दुपारपर्यंत बॅटरी भरून मोकळी. मी येणाऱ्याजाणाऱ्याला आकडे वाचून दाखवायचो. एवढ्या तोऱ्यात होतो की देगलूरला निघताना चार्जर मुद्दाम घरी ठेवला. सोलर असताना चार्जरचं लोढणं कशाला?

एप्रिलात निघालो. क्लासला परीक्षेआधीची शेवटची घाई, तरी आठ दिवसांची रजा कशीबशी काढली होती. उदगीरमार्गे जाताना अण्णा सगळी वाट पुढं बसून बोलत होते, गावंच्या गावं मोजत होते. आत्या दारात काठी टेकून उभी. "ये तम्मा, ये!" तिकडं कानडी मिसळलेल्या बोलीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. अण्णा पंचाहत्तरीचे, पण तिच्यापुढं अगदी लहान झाले. रडले, हसले, परत रडले.

तिच्या अंगणात भलीमोठी चिंच होती. सगळं अंगण तिच्या सावलीत. आत्यानं झाडाखालची जागा शेणानं सारवून, गाडी उभी राहील तिथं रांगोळी काढून ठेवलेली. आपल्याकडं पाहुण्याला सावली द्यायची रीतच आहे. तिथं मी गाडी लावली. मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उन्हाळ्यात सावली दिसली की मराठवाड्यातल्या माणसाचं स्टेअरिंग आपोआप तिकडं वळतं.

पहिला दिवस फार चांगला गेला. अण्णा गाडीच्या पायरीवर, आत्या समोर बाजेवर. गोष्टी संपेनात. संध्याकाळी मी मीटर बघितलं. बॅटरीत दिवसभरात काहीच गेलं नव्हतं. प्लेटच्या अर्ध्या अंगावर पानांची सावली, आणि अर्धी झाकली म्हणजे सगळीच निकामी. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढतो. तीच माझ्या टपावर विझून पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गाडीच्या दारात बसलेले, चेहरा काळवंडलेला, छाती वरखाली होत होती. पंखा पहाटेआधीच बंद पडला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अरे, झोप मस्त लागली." त्या दिवशीही वीज नव्हती, आणि असती तरी चार्जर घरी राहिलेला. आज मला दहा उपाय सुचतात. दोन फर्लांगांवर बाजाराचं उघडं मैदान होतं, तिथं गाडी नेऊन दिवसभर बसता आलं असतं. गावात बॅटरी चार्ज करून देणारी दुकानं होती. नवा चार्जर मिळाला असता. पण मी दिवसभर फोनवर. क्लासमध्ये माझ्या जागी शिकवणारा पोरांना आवडेना, मालक बेजार झालेला, "सर, कधी येता?" मैदानात सहा तास कोण बसणार, असं मी मनात म्हटलं. हे कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच म्हटलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बोलले, "चल, निघू. मला घरची ओढ लागलीय."

घराची ओढ! ज्या माणसानं माझ्या घरात एक रात्र काढली नाही, त्याला घराची ओढ. मला कळलं, माझी लाज झाकायला बोलत होते. कळूनही मी बॅग भरली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दुपारच्या बॅचला पोचता येईल, हा हिशेब मी तेव्हाच करून टाकला.

निघताना आत्यानं मला बाजूला घेतलं. "पंखा बंद पडला व्हय रे?"

"हो आत्या. झाडाची सावली पडते ना प्लेटवर."

"सावलीनं बंद पडतो?" तिनं वर चिंचेकडं बघितलं.

जून महिन्यात तिचा फोन आला. अण्णांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ती माझ्याच नंबरवर करायची. "झाड तोडून टाकलं बाबा. आता अंगणात ऊनच ऊन हाय. तम्माला घेऊन ये. राहिलेले सहा दिवस राहू दे त्याला."

मला सगळं समजलं होतं, नाही असं म्हणणार नाही. तेव्हा ॲडमिशन चालू होत्या, पालकांची रांग लागलेली. म्हटलं, "आत्या, आता जमत नाही. दिवाळीत आणतो. भाऊबीजेलाच आणतो बघ." ती म्हणाली, "आण बरं." अण्णांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पायात चप्पल घालून बसले असते, हे मला माहीत होतं. म्हणूनच नाही सांगितलं.

नवरात्रात आत्या गेली. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

आम्ही गाडी घेऊनच गेलो. अंगण ओळखू येईना. चिंचेच्या जागी कमरेएवढा बुंधा, आणि ऑक्टोबरचं ऊन नुसतं ओतत होतं. अण्णा काठी टेकत बुंध्यापाशी गेले. आत्याच्या सुनेला म्हणाले, "झाड का तोडलं गं सूनबाई? आक्का दुपारभर हितंच बसायची की."

"तुमच्या गाडीला ऊन पाहिजे म्हणून मामा. आम्ही लई नको म्हणलं, ऐकंनात. उन्हाळा संपला तरी म्हणायच्या, तम्मा कधीबी येईल. मग आतच बसायच्या उकाड्यात, दाराकडं तोंड करून." आणि माझ्याकडं वळून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्हाला फोन केला होता की आत्यांनी. मामांना सांगितलं न्हाई का तुम्ही?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"मला सांगायचं तरी होतंस," अण्णा म्हणाले. "मी एसटीनं आलो असतो. घरात झोपलो असतो."

आत्याचे दिवस होईपर्यंत ते तिथंच राहिले. बुंध्याशेजारी गाडी उभी होती. प्लेटवर सकाळपासून ऊन, दुपारी बाराच्या आत बॅटरी भरायची, पंखा रात्रभर फिरायचा. गाडीत कुणी नव्हतं. अण्णा आत्याच्या खोलीत, तिच्या बाजेवर, स्लॅबखाली झोपत होते.