एकावन्नावं घर

आमच्या कार्यालयात तिला सगळे उत्पन्नबाई म्हणतात. एकोणीस वर्षं ती जिल्ह्यातल्या त्याच एकशे एक घरांचे उंबरे झिजवते आहे आणि एकच प्रश्न विचारते आहे: गेल्या वर्षी घरात किती पैसे आले? असं विचारणाऱ्या बाईला चहा मिळतो, खरं उत्तर मिळत नाही.

एकदा एका गृहस्थाने "कमाई कसली बाई, कसंबसं पोट भरतो" म्हणत डोळे टिपले. तेवढ्यात पडद्यामागे वॉशिंग मशीन घरघरायला लागलं.

"पाहुण्यांचं आहे," तो म्हणाला.

"पाहुणे कुठायत?"

"गेले."

"मशीन विसरून?"

त्याने मुकाट्याने आकडा दुप्पट केला. पायताणं, गॅसची दुसरी टाकी, गाडीचे टायर यांवरून बाई घर ओळखते. माझं काम टेबलाचं. तिने आणलेले आकडे मी लहानापासून मोठ्यापर्यंत लावतो आणि बरोब्बर मधल्या, म्हणजे एकावन्नाव्या घराचं उत्पन्न ते जिल्ह्याचं उत्पन्न धरतो. सरासरी आम्ही काढत नाही. ती काढली तर एका खडी क्रशरवाल्याच्या जिवावर सगळा जिल्हा कागदोपत्री श्रीमंत होतो.

यंदा तो मधला आकडा दोन लाख एक्केचाळीस हजार आला. दर मंगळवारी येणारी दवाखान्याची गाडी फक्त दोन लाख चाळीसच्या आतल्या जिल्ह्यांना मिळते. एका हजारासाठी ती गाडी, डॉक्टर आणि फुकटच्या गोळ्या जाणार होत्या.

मी घराचा क्रमांक पाहिला. तो उत्पन्नबाईच्या सख्ख्या नणंदेचा होता. नात्यातलं घर घेऊ नये असा नियम आहे. पण आमच्याकडे सगळेच एकमेकांचे नातलग, नियमाने चाललं तर मोजायला फक्त पोलीस चौकी उरेल.

लोक सरकारला कमी सांगतात आणि नातेवाइकांना जास्त. नणंदेच्या दारात सरकार वहिनीच्या रूपाने आलं होतं, त्यामुळे तिने दणकून सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, हिची दोन लाख एक्केचाळीस हजारांची निघाली.

मधल्या घराची फेरतपासणी दोघांनी करायची असते, म्हणून मीही गेलो. नणंद खिडकीशी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. गळ्यात टेप, खुर्चीवर निळ्या चड्ड्यांचा ढीग. तो उचलून तिने मला बसवलं.

"वन्सं, आकडा पुन्हा सांगा," उत्पन्नबाई म्हणाली.

"सांगितला ना एकदा. तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजएवढं नसेल, पण बरं चाललंय आमचं."

उत्पन्नबाईने पेन खाली ठेवलं. दुसऱ्यांच्या पोटातलं काढणाऱ्या बाईला स्वतःचं सांगताना घाम फुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"गॅरेज दोन वर्षांपूर्वीच बंद झालं, वन्सं. तुमच्या भावाच्या हृदयाच्या गोळ्या त्या मंगळवारच्या गाडीतूनच येतात. मी तुमच्याशी खोटं बोलत होते."

मशीन थांबलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"माहितेय मला," नणंद म्हणाली. "बंद शटर बाहेरूनही दिसतं."

"मग तुम्ही का फुगवून सांगितलंत?"

"अगं शहाणे, मी खरा आकडा सांगितला असता तर तुझ्या लेकीच्या कॉलेजची फी घेतली असतीस माझ्याकडून? दर महिन्याला 'जास्तीचे पडलेत, ने' म्हणते, ते कुठून पडतात जास्तीचे? रात्रीचे चार गणवेश जादा शिवते."

उत्पन्नबाई रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि मला त्या निळ्या चड्ड्यांच्या ढिगामागे लपावंसं वाटलं.

"पुरे आता," नणंद म्हणाली. "एक लाख नव्वद हजार. लिही."

मी मनातल्या मनात रांग पुन्हा लावली. हे घर खाली सरकलं की खालचं घर मधोमध येतं, आणि ते दोन लाख अडतीसवर होतं. गाडी राहिली.

बाईने नाक पुसलं, आकडा लिहिला आणि सवयीने फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला. "कुटुंबाबाहेरच्या कोणाला नियमित पैसे देता का?" वाचून झाल्यावर तिचं तिलाच कळलं.

"नाही," नणंद म्हणाली.

"वन्सं, खरं सांगा."

"खरंच सांगतेय. कुटुंबाबाहेरच्या कोणाला दमडी देत नाही मी."

आमच्या नियमाने कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. उत्तर साफ चुकीचं होतं. मी साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली.