काकूचं कापलेलं बोलणं

गयाकाकू कोंबड्यांना शिव्या दिल्याशिवाय खाऊ घालत नसे. राणीसावरगावात आमच्या घराला लागूनच तिचं परसदार. सकाळी डालगं उचललं की शेवग्याचा पाला, ओव्याची पानं, लसणाची पात विळीवर बारीक चिरून कण्यांत कालवायची आणि ओरडायची, "गिळा, मुडद्यांनो! माज्या चटणीचा पुदिना बी तुमालाच घालायलेय मी!"

तिच्या कोंबड्या तुकतुकीत असत. पण हा पाला औषधी आहे का, असं कुणी विचारलं की काकू भडकायची. "पाला म्हंजे भाजी. भाजीनं अंग धरतंय, मानमोडी थांबत न्हाई. तिला डाक्टरची लसच लागती." मानमोडीत कोंबडीची मान वाकडी होते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं, हे तिनं एकदा भोगलं होतं. लसीच्या दिवशी ती आख्ख्या गल्लीच्या मागे लागायची.

मी गंगाखेडला कारकून. एका रविवारी गावी आलो तेव्हा पाला चिरणाऱ्या काकूचा व्हिडिओ काढला. लसीचं बोलणं फार लांबलं म्हणून मी शहाण्यानं ते कापलं आणि वर 'लस नको, पाला पुरे' असं लिहून व्हिडिओ नेटवर टाकला. का? चार लोकांनी जास्त बघावं म्हणून! दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

लोकांनी बघितला. गल्लीतल्या सुलाबाईनंही बघितला. त्या एकट्या बाईचं घर वीस कोंबड्यांच्या अंड्यांवर चालायचं. तिनं त्या खेपेला लस टाळली आणि नेमानं पाला चारला. पुढच्याच महिन्यात मानमोडी आली, वीसच्या वीस गेल्या.

त्या रविवारी मी गावी आलो, तर सगळी गल्ली काकूच्या दारात. "तुमीच सांगितलं की फोनमदी!" वर्षानुवर्षं तिच्या तोंडून लस-लस ऐकलेली हीच माणसं! काकू माझ्याकडे बघत राहिली. मी तिथंच उभा होतो. मी कापलं, एवढंच बोलायचं होतं. मी मान खाली घालून घरात शिरलो. गल्लीला काय बोल लावू? थोबाडीत द्यायची तर माझ्याच.

संध्याकाळी तिनं सुलाबाईचं रिकामं डालगं आणून माझ्या उंबऱ्यावर आपटलं. "ह्याचा बी काड की व्हिडिओ! का आता लाज वाटायलीय?"

साथ ओसरल्यावर तिनं स्वतःच्या आठ तलंगा, अंड्यावर यायला टेकलेल्या कोंबड्या, लस टोचून सुलाबाईला दिल्या. माझ्याशी मात्र ती पुन्हा बोलली नाही. मागच्या वर्षी गेली.

व्हिडिओ मी डालगं आपटलं त्याच संध्याकाळी काढून टाकला होता. पण तो अजून फिरतोय. परवा ऑफिसातल्या एकानं कौतुकानं मलाच पाठवला. त्यात काकू पाला चिरते, हसते, "पर ध्यानात ठिवा," म्हणून बोट वर करते, आणि तिथंच तो संपतो.