पुढे सरकवलेलं तबक

हे मी लिहावं का, असा प्रश्न मला अजून पडतो आहे. शांतवनमामांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी माणसं आहेत, आणि त्यांना चांगलं लिहिताही येतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. उत्तरपत्रिकेपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय जे सांगायचं ते एक माणूस आणि त्याचा देव यांच्यामधलं... तिथे भाच्याने नाक खुपसू नये, असं कुणी म्हटलं तर तेही मान्य आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण गेल्या रविवारपासून मला गप्प बसवत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी कम्प्युटर शिकायला पुण्यात आलो, तेव्हा आईने मला पुण्याजवळच्या मांजरी गावी त्यांच्या घरी ठेवलं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामा हडपसरच्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक नगाच्या भोकात गेज, म्हणजे माप तपासायचा दांडा, घालून बघायचं, हे त्यांचं काम. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, नाहीतर नग बाद. पुढे कारखाना बंद पडला आणि मामा मुदतीआधीच घरी बसले. शेजारच्या उसाच्या शेतात सॉफ्टवेअरवाल्यांसाठी इमारती उठू लागल्या, त्या ते खिडकीतून बघत आणि कुठली भिंत ओळंब्यात नाही ते मला दाखवत. नोकरी गेली तरी तपासायची सवय गेली नाही. मामींनी गॅस बंद केला की मामा उठून बघून येत. मी कडी लावली की ती ओढून बघत. मला राग आला की म्हणत, "तुझ्यावर भरवसा आहे रे. कडीवर नाही."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाकरीचे लहान तुकडे ठेवलेलं तबक बाकावरच्या एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. येशू ख्रिस्त माझा तारणारा आहे, असं ज्याने सगळ्यांसमोर कबूल केलेलं असतं, त्याने एक तुकडा उचलायचा. मात्र तो लगेच खायचा नाही. शेवटच्या बाकापर्यंत तबक पोचेपर्यंत सगळ्यांनी आपापला तुकडा हातात धरून बसायचं, आणि मग एकदम खायचं. मामा बाकाच्या टोकाला बसत, त्यामुळे आमच्या बाकावर तबक पहिल्यांदा त्यांच्याकडे येई. ते दोन्ही हातांनी, फार अदबीने ते घेत आणि जसंच्या तसं मामींकडे सरकवत. तेवढ्या वेळात मामी श्वास घेत नसत, हे शेजारी बसून मला कळायचं. मागच्या बाकावरचं खोकणंसुद्धा थांबल्यासारखं वाटे. मग तबक पुढे जाई आणि महिना नेहमीसारखा सुरू होई.

याची सुरुवात आईने मला सांगितली होती. दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे जाणत्या झालेल्या मुलांनी आपला विश्वास जाहीर कबूल करायच्या दिवशी, गावातली मुलं चर्चमध्ये रांगेत उभी होती. ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारतोस का, असं पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एकेकाला विचारत होते आणि मुलं पाठ केल्यासारखं होय म्हणत होती. मामांची पाळी आली. ते गप्प राहिले, मान लववली आणि जागेवर जाऊन बसले. घरी मार खाल्ला, पण होय म्हणाले नाहीत. आणि तरीही एक रविवार त्यांनी चुकवला नाही. इथल्या आमच्या चर्चचं कुलूप काढायचं, झाडायचं, बाकं सरळ करायची, ही कामं तेच करत. जेवणाआधीची प्रार्थनाही तेच करत.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी चर्चच्या तरुणांच्या शिबिराला जाऊन आलो, तो भारावूनच. त्या संध्याकाळी मी मामांना समजावू लागलो की तारण, म्हणजे पापांतून सुटका, कमवावं लागत नाही, ती कृपा आहे, आपण फक्त घ्यायचं. मामा चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "एक बटण दाबलं की झालं, असं तुमच्या कम्प्युटरवर असेल, शमू." आतून मामी म्हणाल्या, "मग एकदा दाबून तरी बघा." मामा हसले. मी उठू लागलो तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "तो खरा आहे, याची मला शंका नाही. माझं होय खरं आहे का, ते मी कशाने मोजू?" शिबिरात हे शिकवलं नव्हतं.

या वर्षी त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्यानंतर घरात सगळे हळू बोलू लागले. एका दुपारी गवारीच्या शेंगा मोडता मोडता मामी अचानक थांबल्या आणि म्हणाल्या, "हे असेच गेले तर मी तिकडे यांना कुठे शोधू रे?" मी उरलेल्या शेंगा मोडू लागलो. होय न म्हणता गेलेला माणूस स्वर्गात भेटेल का, ही ती भीती; आमच्यात कुणाला ती समजावून सांगावी लागत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी स्वारगेटजवळच्या त्या हॉस्पिटलात गेलो. मामा खाटेच्या चाकांचा ब्रेक लागतो का, ते वाकून बघत होते. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, तो बुडवून येतो म्हणालो तर चिडले. "येऊन काय करणार? डॉक्टरांना बॅटरी धरणार?" जाताना मी खाटेपाशी घुटमळलो. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "विचार, काय विचारायचंय ते." मी म्हणालो, "पाणी देऊ का?" ते नुसतेच हसले.

पेपर देऊन बाहेर आलो तर कॉलेजच्या फाटकाशी शेजारचे काका उभे होते. मामा ऑपरेशनमधून उठले नव्हते.

दफनविधीत पाळकसाहेब म्हणाले, आपले बंधू विश्वासात निद्रिस्त झाले. ते तर सगळ्यांच्याच वेळी म्हणतात... त्या वाक्यावर मी किती भार टाकू? मामा शेवटी होय म्हणाले का, हे मामींना विचारायचं धाडस होईना. नाही, असं उत्तर आलं असतं तर ते त्यांना स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागलं असतं. आठवडे गेले. हल्ली गॅस बंद केल्यावर मामीच परत उठून बघून येतात, कडी ओढून बघतात. मी दुसरीकडे बघतो.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. बाकाच्या टोकाला, मामांच्या जागेवर, मामी बसल्या. तबक यायच्या आधीपासूनच त्यांची डावी मूठ रुमालासकट मिटलेली होती. रडू आवरत असतील, असं मला वाटलं. त्यांनी उजव्या हाताने तुकडा उचलला आणि तबक माझ्याकडे दिलं.

चर्च सुटल्यावर घराच्या रस्त्यावर मी शेवटी विचारलं. नीट विचारताही आलं नाही, "मामी, मामांनी..." एवढंच. त्या जागीच थांबल्या.

"तुला पाळकसाहेबांनी सांगितलं नाही? मला वाटलं, तुला माहीत आहे."

मग त्यांनी रस्त्यातच सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी एक तरुण डॉक्टर येऊन, दोन वाक्यं बोलून गेला. मामा बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याचं नावसुद्धा मी नीट ऐकलं नाही, आणि याला छाती उघडायला देतोय. ज्याला जन्मभर ओळखतो, त्याच्याकडे मात्र अजून गेज मागत बसलोय." आणि पाळकसाहेबांना बोलवायला सांगितलं. ते स्कूटरवरून प्रभुभोजनाची लहान पेटी घेऊन आले. त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला. मामा होय म्हणाले, तेही इतक्या मोठ्याने की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

"आणि भाकर?" मी विचारलं.

"घेतली. तेवढ्यात सिस्टर आली आणि ओरडली, की पोट रिकामं पाहिजे, काही खायचं नाही." मामींनी रुमाल उलगडला. तो रिकामा होता. "तर हसले. म्हणाले, 'आमच्यात लगेच खात नाहीत, सिस्टर. सगळ्यांना मिळेपर्यंत हातात धरून बसतात.' आत नेताना माझ्या हातात दिली. आज सगळ्यांबरोबर खाल्ली मी."