डाव्या हाताचा मोजा

माझ्या नातीचा उजवा हात जन्मापासून कमजोर आहे. मूठ मिटलेली, कोपर अंगाला चिकटलेलं. जन्मली तेव्हा उशिरा रडली, त्यात डोक्याच्या एका बाजूला मार बसला, असं डॉक्टर सांगतात. मी चौथीपर्यंत शिकलो. डोक्यातला मार मला कुठून दिसणार? मला हात दिसतो. डावा हात मात्र असा पक्का की मांजराची शेपटी धरली तर मांजर ओरडून थकतं.

आमच्या घरात डाव्या हाताने कोणी जेवत नाही. हा नियम माझ्या बापाचा. उजवा चालत नाही आणि डावा चालू द्यायचा नाही, म्हणून पाच वर्षं तिला मीच भरवलं. दोन्ही टाइम. दुधात कुस्करलेली भाकर, नाहीतर वरणात, बारीक बारीक घास करून. आजा पाहावा तर असा, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

मग शाळेची गोष्ट निघाली. जूनमध्ये तिला पहिलीत बसवायचं होतं. शाळेत दुपारी खिचडी असते. मी शाळेतल्या मॅडमकडे गेलो आणि सांगितलं, मी रोज दुपारी येऊन भरवून जाईन. त्या म्हणाल्या, तुम्हाला एखाद्या दिवशी ताप आला तर? मी म्हटलं, मला ताप येत नाही. त्या हसल्या, पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. वाढणारी बाई एकटी, ती कोणाकोणाला भरवणार? पोरीला आपल्या हाताने जेवता आलं पाहिजे, नाहीतर दिवसभर उपाशी राहील. पोरीची आई, म्हणजे माझी सून, बरोबर आली होती, ती ऐकत होती. घरी आल्यावर तिने ठरवलं, खामगावला हात शिकवणारी एक बाई आहे, तिच्याकडे न्यायचं. मुलगा जिनिंगमध्ये कामाला, कापसाच्या दिवसात त्याला सुट्टी नाही. सुनेला घर, ढोरं. म्हणून दर मंगळवारी पिंपळगाव राजाहून एसटीने नातीला घेऊन मी जायचं ठरलं.

मला वाटलं होतं, सुई देतील, शेकतील, तेल चोळतील. तिथे तर चटया, मोठा चेंडू, एक झोका, आणि टोपलंभर सरकी. बाई माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान. तिने सरकीत बांगड्या लपवल्या आणि पोरीला शोधायला सांगितल्या. पोरगी खेळायला लागली आणि बाई मला विचारायला लागली. आंघोळ कोण घालतं? कपडे कोण चढवतं? जेवताना ती कुठे बसते, तुम्ही कुठे बसता? तुमच्या घरी डाव्या हाताने जेवलेलं का चालत नाही? मला राग आला. मी म्हटलं, "आजार तिले आहे, मंग सवाल मले काऊन?"

"आजोबा, ती माझ्याकडे आठवड्यातून एक तास असते. बाकी सगळा वेळ तुमच्याजवळ. मग कोणाला विचारू?"



निघताना तिने एक जाड मोजा दिला. हा रोज अर्धा तास खेळताना पोरीच्या डाव्या हातात घालायचा, म्हणजे उजव्याला काम करावं लागेल. मग काढून ठेवायचा. जेवताना बिलकूल घालायचा नाही. जेवताना ज्या हाताने जमेल त्या हाताने जेवू द्यायचं. मी मान हलवली.

गाडीत बसल्यावर मात्र ते डोक्यात बसेना. हा मोजा औषध आहे ना? आमच्याकडे औषध जेवणाच्या टायमालाच घेतात. आणि पोरीला शिकायचं काय, तर जेवायचं. मग खेळताना हात बांधून आणि जेवताना सोडून कसं जमायचं? बाई लहान आहे, बोलताना उलटं बोलली असेल, असं मी धरून चाललो. जेवताना मोजा घातला तर डावा हात ताटात येणार नाही, हेही मनात होतंच. घरी येऊन सुनेला सांगितलं, बाईने जेवताना मोजा घालायला सांगितला आहे आणि भरवायचं बंद.

पहिल्या दिवशी पोरगी ताटापुढे बसली. उजवी मूठ ताटात आपटली, वरण सांडलं. ती माझ्याकडे पाहत होती, मी हात मांडीवर दाबून बसलो. ती रडली, मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी नुसतं दूध प्याली. तिसऱ्या दिवशी ताट पाहूनच तिने ओठ मिटून घेतले. मी हरलो. मोजा काढला, घास केला, तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सुनेने मोजा उचलला आणि विचारलं, "मामाजी, बाईनं खरंच जेवतानी घालायले सांगतलं होतं?"

मी हो म्हणालो. तिने माझ्यासमोरच बाईला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.  फोन ठेवून सून एवढंच म्हणाली की मंगळवारी मीही येते, आणि तरीही असंच चाललं तर पोरीला घेऊन मलकापूरला माहेरी राहीन, तिथून इलाज करीन. मंगळवारपर्यंत पोरीला तिने भरवलं. मी बाहेर ओट्यावर जेवलो.

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. बाई ओरडेल म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. तिने विचारलंच नाही. म्हणाली, डबा उघडा, रोज कसं भरवता ते दाखवा. मला वाटलं, माझी मस्करी करते. तरी मी घास केला. पोरीने दोनदा मान वळवली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं. बाई म्हणाली, तोंडाकडे नका पाहू, तिच्या उजव्या हाताकडे पाहा. पुढचा घास नेला तेव्हा पाहिलं. माझा हात जवळ आला की तिची मूठ थोडी सैल व्हायची आणि कोपर अंगापासून बोटभर सुटायचं. तोंड मिटलं की पुन्हा घट्ट. इतकी वर्षं हे माझ्यासमोर होत होतं की त्याच दिवशी झालं, मला सांगता येणार नाही.

बाईने माझा तळहात पोरीच्या कोपराखाली ठेवला आणि भाकरीचा तुकडा तिच्या मुठीत अडकवला. म्हणाली, तुम्ही उचलू नका, ती उचलेल, तुम्ही फक्त खाली राहा. रोज दोन घास असे. बाकीचं जेवण डाव्या हाताने, तिचं तिने.

मी विचारलं, "म्हणजे माह्या घरात पोट्टी डाव्या हातानं जेवन?"

"नियम तुमचा आहे आजोबा, तुम्ही ठरवा. मला तिचं पोट भरलेलं पाहिजे."

सून खाली पाहत होती. मी ठरवलं असं नाही. नाही म्हणालो नाही, एवढंच.

त्यानंतर रोज दोन घास. माझा तळहात खाली, तिचं कोपर वर, तुकडा हळूहळू तोंडाकडे. हा हात ती उचलते की मी, हे मला एकदाही कळलं नाही. एका दिवशी हात पिसासारखा, दुसऱ्या दिवशी दगडासारखा. मी सुनेला विचारायचो, तर ती म्हणायची, थोडंसं तुमीच उचलता मामाजी. बाईला विचारलं तर ती म्हणाली, चांगलं चाललंय, आता तळहात काढा, दोन बोटं ठेवा. मग एक. मीच उचलत असेन तर चांगलं काय चाललंय?

मे महिन्यात एका दुपारी ते एक बोटही काढलं. पोरीचा हात अर्ध्यात थांबला, थरथरला, तुकडा ताटात पडला. तिने तुकड्याकडे पाहिलं. डाव्या हाताने उचलला, तोंडात टाकला, आणि ताट साफ होईपर्यंत त्याच हाताने जेवत राहिली. उजवी मूठ मात्र तिने ताटाच्या काठावर दाबून ठेवली होती, ताट सरकू नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. निदान मी नाही.

मी सुनेला म्हटलं, याला काय समजायचं, जमलं की नाही जमलं? घास तर पडला. आणि बाकी सगळं डाव्या हातानंच.

"जेवली ना थे, मामाजी."

आता ती शाळेत जाते. मॅडम सांगतात, खिचडी संपवते, वर आणखी मागते. दुपारी मी घरी बसलेला असतो. त्या वेळी मला काय करावं ते अजून सुचत नाही. संध्याकाळी ती आली की मी विचारतो, आज कोणत्या हातानं जेवली? ती दप्तर टाकते आणि म्हणते, आबा, आज खिचडीत वटाणे होते.